आजीची बांगड्यांची पेटी

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या चिटणीसांनी मला ‘ज्ञातीतील एखाद्या थोर पुरुषाविषयी चार शब्द बोला’ अशी आज्ञा केली होती. मी होकार दिला, घरी गेलो आणि टिपणे काढावयास बसलो. परंतु कागद समोर घेतला की माझ्या डोळ्यांपुढे वारंवार एकच मूर्ती उभी राही. ती पुरुषाची नव्हती, आणि थोर म्हणून तिची नोंद आजवर कोणी कोठे केलेली नाही. ती मूर्ती माझ्या आजीची, माझ्या वडिलांच्या आईची. तिला जाऊन आता पस्तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. चिटणीसांची क्षमा मागून मी आज तिच्याविषयीच बोलणार आहे.

मी जुन्या अकरावीची मॅट्रिक झालेला एक साधा प्राथमिक शिक्षक. १९७५ साली ती अकरावी संपली आणि तिच्या शेवटच्या तुकडीबरोबर मीही बाहेर पडलो. पुढे जिल्हा परिषदेच्या शाळांत पोरे शिकविली आणि २०१६ मध्ये निवृत्त झालो. विद्वत्तेचे बोलणे मला साधत नाही. तेव्हा जे पाहिले तेवढेच सांगतो.

आमचे गाव पाटणहून हेळवाककडे जाणाऱ्या वाटेवरचे, कोयनाकाठचे. आजीला आपले जन्मसाल ठाऊक नव्हते. १९१८ साली मानमोडीची साथ आली तेव्हा आपण परकर नेसून पाणी भरीत होतो, एवढे ती सांगे. त्यावरून ती १९०८च्या सुमारास जन्मली असावी. आजोबांची तिला स्पष्ट आठवण होती, पण ती सांगण्याजोगी फार नव्हती, कारण सव्विसाव्या वर्षी ती विधवा झाली. पदरी दोन मुले. दीर वेगळे निघालेले. वाट्याला आली ती घराची एक खोली, काही पितळी भांडी आणि बांगड्यांची लाकडी पेटी.

येथे आपल्या ज्ञातीबाहेरचा कोणी बसला असेल तर त्याला कदाचित नवल वाटणार नाही; परंतु आपणांस ते वाटले पाहिजे. विधवेने बांगड्या भरावयाच्या म्हणजे काय, हे कासाराच्या घरात सांगावे लागत नाही. ज्या हातांनी लेणे उतरविले त्याच हातांनी दुसरीच्या मनगटावर लेणे चढवावयाचे! प्रथम वर्षभर कोणी तिच्यापुढे हात केला नाही. मग एका बाजाराच्या दिवशी एक म्हातारी कुणबीण तिच्या पेटीपाशी येऊन बसली आणि म्हणाली, “माझं आता काय व्हायचंय? भर.” तिच्यामागून तिच्या सुना आल्या. त्यानंतर मात्र त्या पंचक्रोशीत आजीवाचून बायकांचे चालेना.

याचे कारण तिचा हात. बांगडी भरणे ही कला आहे, हे आपल्यापैकी ज्यांनी ती केली आहे ते जाणतात. आणि आज ज्यांची दुकाने काचेच्या कपाटांनी सजली आहेत त्यांच्या मुलांना ते ठाऊक असेलच असे नाही. आजी प्रथम हात पाहत नसे, तो हातात घेई. अंगठा तळव्यात दुमडी, चार बोटांची मुळे एकमेकांवर हलकेच चढवी आणि करंगळीच्या बाजूने बांगडी पुढे ढकली. ढकलताना बोलत राही. गाईला किती दूध आहे, मुंबईहून मनिऑर्डर आली का, धाकट्याला खोकला होता तो गेला का. बाई उत्तर देण्यात गुंतली की हात सैल पडे आणि बांगडी मनगटावर येऊन बसे. “पोरी, हात ढिला सोड. हा हात आता तुजा न्हाई समजायचा, माजा समजायचा,” हे तिचे नेहमीचे वाक्य. भरताना काच वाढली तर नुकसान कासाराचे, ही रीत आहेच; आजीच्या हाती वर्षाकाठी फारच थोड्या वाढत.

‘वाढली’ म्हणावयाचे, ‘फुटली’ म्हणावयाचे नाही, हेही तिनेच मला शिकविले. एकदा मी वर्गातल्या मुलासारखा तिला विचारले, “आजी, दिवा मालवला तरी वाढवला म्हणायचे आणि बांगडी फुटली तरी वाढली म्हणायचे, मग खरे काय झाले ते कधी म्हणायचे?” ती म्हणाली, “खरं काय झालं ते समद्यास्नी दिसतंच की.”

मापे तिला पाहूनच कळत. दोन-चार म्हणजे सव्वादोन इंच, दोन-आठ म्हणजे अडीच, हे इंचातले हिशेब मी शाळेत गेल्यावर तिला समजावू लागलो तेव्हा ती हसली. फिरोजाबादहून कराडच्या व्यापाऱ्याकडे आलेला माल ती स्वतः जाऊन निवडी. दोन बांगड्या एकमेकींवर हलकेच वाजवून, आवाजावरून, जोड नीट लागला आहे की नाही ते सांगे. उधारीचा हिशेब चुलीमागच्या भिंतीवर कोळशाच्या रेघांनी ठेवलेला असे. सुगीला कोणी नाचणी घाली, कोणी भाताचे तांदूळ, की रेघ पुसली जाई. पैसा वसूल करण्यात ती कडक होती, हे मी लपवीत नाही. जिभेलाही ती तिखट होती. एका सधन बाईने घासाघीस करून दर पाडला, तेव्हा आजीने तिला बांगड्या भरल्या आणि शेवटी नमस्काराला वाकलेल्या तिला म्हणाली, “आशीर्वाद पुरा देते, दर पाडलास तरी.” माझी आई हे ऐकून लाजेने आत पळाली होती.

लग्नाचा चुडा मात्र आजी भरीत नसे. तो मान चुलत आजोबांचा. तथापि त्यातली गंमत, किंवा गंमत न म्हणता दुसरे काही म्हणावे, अशी की आदल्या दिवशी नवरीचा हात पाहून माप ठरवी ती आजी, हिरव्या बांगड्या एकेक वाजवून निवडी ती आजी, सुतळीत ओवून देई तीही आजीच. चुलत आजोबा मांडवात जाऊन त्या मनगटावर चढवीत आणि नारळ-पागोटे घेऊन येत. मी लहानपणी तिला विचारले होते, “आजी, तू स्वतः का गं बांगड्या भरत नाहीस?” तिने पेटीचे झाकण लावीत म्हटले, “इकणाऱ्यानंच माल वापरला तर धंदा कसा हुयाचा?” मला ते उत्तर बरीच वर्षे खरे वाटत होते.

वर्षातून दोन मोठे हंगाम. एक नागपंचमी, माहेरवाशिणींचा. आणि दुसरा पालची खंडोबाची यात्रा. पौषात तेथे खंडोबा-म्हाळसेचे लग्न लागते, त्यावेळी ती मला बरोबर नेई. भंडाऱ्याने पिवळे झालेले हात तिच्यापुढे एकामागून एक येत आणि संध्याकाळपर्यंत तिची बोटेही पिवळी होत. कोयनेचे धरण झाले तेव्हा तिच्या गिऱ्हाइकांची पुष्कळ गावे शिवाजीसागराखाली गेली. कोणी सांगली-सोलापूरकडे गेले, कोणी घाट उतरून ठाणे जिल्ह्यात. निघण्यापूर्वी काही बायका मुद्दाम हात भरून घेण्यास आल्या होत्या. नव्या मुलखात कासार असेल की नाही, असा प्रश्न त्यांना पडला होता. त्या गावांची नावे आजी पुढे कितीतरी वर्षे घेई. पण नावापुढे ती घरे सांगत नसे, मनगटे सांगे. “तिथली पाटलाची थोरली, दोन-सहा, हाडकुळी.”

आता मी ज्या गोष्टीसाठी उभा राहिलो तिच्याकडे येतो.

११ डिसेंबर १९६७, सोमवार. पहाटेचे सव्वाचार वाजून गेले होते. मी नऊ वर्षांचा होतो. भूकंप म्हणजे काय हे मला पुस्तकातूनही ठाऊक नव्हते. प्रथम गाडी आल्यासारखा आवाज झाला, मग माळ्यावरची पितळेची भांडी घडघडत खाली आली आणि पाठोपाठ दक्षिणेकडची भिंत. आईने मला ओढून अंगणात काढले. त्या पहाटे कोयनानगरच्या परिसरात सुमारे १८० माणसे दगावली. धक्का पुण्या-मुंबईपर्यंत पोहोचला आणि मुंबईचा वीजपुरवठा कोलमडला. हे सारे नंतर कळले. त्या वेळी आम्हांला कळले ते एवढेच की आम्ही सातजण जिवंत आहोत, आणि पालच्या यात्रेसाठी कराडहून उधारीवर आणलेला साडेतीनशे रुपयांचा माल भिंतीखाली आहे.

उजाडल्यावर अंगणात माती, कौले आणि हिरवी काच एकत्र झालेली मी पाहिली. आम्हा पोरांना अनवाणी फिरण्याची मनाई झाली. आजी मात्र उकिडवी बसून ढिगातून एकेक साबूत बांगडी वेचीत होती. वडील, त्यांना आम्ही आबा म्हणत असू, तिला म्हणाले, “आई, माणसं मेल्याती, आन् तू काचा काय येचत बसलीस?” तिने उत्तर दिले नाही.

उत्तर दुपारी मिळाले. शेजारच्या वाडीतली एक बाई आली. भिंतीखालून तिला ओढून काढले होते. कपाळाला जखम, खांदा सुजलेला. पण रडत होती ती मनगटांसाठी. दोन्ही हात मोकळे झाले होते आणि नवरा मुंबईस गिरणीत. मुंबईतही हादरा बसला एवढी वार्ता आलेली, पुढची काही नाही. आजीने तिला समोर बसविले, हात पाण्याने धुतला आणि बांगड्या भरल्या. मग एकीमागून एक बायका येऊ लागल्या. पाटण तालुक्यातील घरोघरचे पुरुष तेव्हा मुंबईस होते, हे आपणांस ठाऊकच आहे. तीन दिवस ती भरीत होती. साबूत माल संपेपर्यंत, एक पैसा न घेता, प्रत्येकीला दोनच. भिंतीवर रेघही काढली नाही. भिंतच उरली नव्हती म्हणा.

तिसऱ्या दिवशी सायंकाळी चार वृद्ध स्त्रिया एका मुलीला घेऊन आल्या. अठरा-एकोणीस वर्षांची असेल. त्या रात्री तिचा नवरा घरीच होता आणि तो वाचला नाही. या गोंधळात विधी व्हावयाचे राहून गेले होते. तिच्या हातांत लग्नातल्या बांगड्या तशाच होत्या. त्या बायका आजीला म्हणाल्या, “तुझ्यासारखीनंच हे केल्यालं बरं. दगड आणलाय.”

आजीने दगडाकडे पाहिलेसुद्धा नाही. तिने मला खोबरेलाची बाटली आणावयास सांगितली. बाटली ढिगात सापडेना, तेव्हा साबणाची वडी आणली. मुलीचा हात तिने मांडीवर घेतला, भिजविला आणि अंगठा तळव्यात दुमडून एकेक बांगडी उलट काढू लागली. काच चढविणे अवघड; उतरविणे त्याहून अवघड, विशेषतः जी वर्षभर हातात राहिली आहे ती. त्या बायका म्हणाल्या, अशी रीत नाही. आजी म्हणाली, “मी भरणारी हाय. फोडायचं काम माज्याकडं न्हाई.” त्या दिवशी ती नेहमीप्रमाणे बोलत नव्हती. एकही काच वाढली नाही. सगळ्या बांगड्या तिने सुतळीत ओविल्या आणि त्या मुलीच्या ओटीत ठेवल्या. “ठेव. तुज्या हायेत. पुढं काय करायचं ते तुजं तू बग.”

ती मुलगी पुढे कोठे गेली ते आजी अखेरपर्यंत विचारीत असे. तिला ते कळले नाही.

आता माझ्याविषयी. ही गोष्ट मी आजवर चारचौघांत सांगितलेली नाही. १९८४ मध्ये माझी थोरली बहीण, आक्का, तिसाव्या वर्षी विधवा झाली. दाजी काविळीने गेले. तेव्हा मी शिक्षक होऊन सहा-सात वर्षे झाली होती. सातवीच्या वर्गाला मी १८५६ चा विधवा पुनर्विवाहाचा कायदा शिकवीत असे, पंडिता रमाबाईंचे १८८९ चे शारदा सदन शिकवीत असे, आणि त्याच शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली विवाह केला, हे सांगताना माझा आवाज चढत असे. पोरे माना डोलवीत. आणि आक्काच्या अंगणात, प्रेत उचलण्यापूर्वी, दोघीतिघींनी तिचे हात धरून उंबऱ्यावर दगडाने बांगड्या फोडल्या, तेव्हा मी पाच हातांवर उभा होतो. एका काचेने तिचे मनगट कापले. मी सदऱ्याच्या खिशातला रुमाल काढून पुढे केला. एवढेच मी केले.

आजी तेव्हा पंचाहत्तरीच्या पुढे होती आणि मोतीबिंदूने तिची दृष्टी जवळजवळ गेली होती. तिला माजघरात बसविले होते. तिने आवाज ऐकला. तो कशाचा, हे तिला कोणी सांगावयाचे? रात्री तिने मला जवळ बोलाविले आणि विचारले, “तू हुतास न्हवं तितं?”

मी म्हणालो, “होतो.”

“मला का न्हाई हाक मारलीस? मी सबूत काढल्या असत्या.”

बंधुभगिनींनो, तिने मला यापलीकडे एक शब्दही दूषण दिले नाही. दिले असते तर बरे झाले असते.

दोन महिन्यांनी आक्का माहेरी आली. आजीने पेटी मागविली आणि आक्काचा हात धरला. दिसत नव्हते, तरी तिने बोटांनी मनगट चाचपले, कापल्याची खूण चाचपली आणि म्हणाली, “दोन-चार हुतीस, आता दोन-दोनच झालीस. जेवत जा.” मग तिने प्रत्येक हातात दोन-दोन हिरव्या बांगड्या भरल्या. आई दारात उभी राहून रडत होती. तिला हे आवडले होते की नव्हते, ते मला आजही सांगता यावयाचे नाही. आक्का त्या बांगड्या माहेरी असेपर्यंत घाली आणि एस.टी.त बसण्यापूर्वी उतरून पिशवीत ठेवी. असे तिने कित्येक वर्षे केले. ज्ञातीतल्या दोन घरांनी आमच्याकडे मंगलकार्याची पत्रिका पाठविणे बंद केले होते. ती घरे आज आमच्याशी पुन्हा सलोख्याने आहेत. म्हणून नावे घेत नाही.

आजी १९८९ च्या पावसाळ्यात गेली. चार दिवस अन्न सुटले होते, एवढेच दुखणे. तिला न्हाऊ घातल्यावर आक्काने पेटीतून दोन बांगड्या काढल्या आणि तिच्या हातावर चढवू लागली. हात ताठरला होता. एक गेली, दुसरी जाईना. कासाराची लेक असूनही जाईना. मागून कोणीतरी म्हणाले, “हे काय चालवलंय? पंचावन्न वर्षांची रांडाव बाई!” त्या वेळी मी बोललो. भाषण केले नाही. “राहू द्या,” इतकेच म्हणालो. ती एक बांगडी हातात राहिली.

कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये पतीच्या निधनानंतर बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनाने इतर गावांनी तो कित्ता गिरवावा असे परिपत्रक काढले. वर्तमानपत्रात ती बातमी वाचली तेव्हा मी ती आक्काला वाचून दाखविली. ती म्हणाली, “आजीला कळलं असतं तर तिनं विचारलं असतं, ठराव केला, पण काढायच्या कशा हे कुणाला येतं का?”

आता चिटणीसांना उद्देशून एक विनंती, आणि ती मी त्यांच्याच परवानगीने करीत आहे असे समजावे. आपल्या मंडळातर्फे संक्रांतीला हळदीकुंकू होते. यंदाच्या पत्रिकेत ‘सर्व सुवासिनींनी अगत्य येण्याचे करावे’ असे छापले होते. ते वर्षानुवर्षे तसेच छापले जाते. कोणाच्या मनात वाईट हेतू नाही. परंतु माझी आक्का आज बहात्तराव्या वर्षात आहे आणि मंडळाच्या सभागृहाजवळच राहते. पत्रिका घरात आली, तिने वाचली आणि पाटावर ठेवली. त्या सायंकाळी ती गेली नाही. ज्ञातीतील अशा भगिनी किती आहेत, याची मोजदाद आपल्या कुटुंबसूचीवरून सहज होईल. ‘सुवासिनींनी’ या जागी ‘भगिनींनी’ असे छापावे, एवढीच माझी मागणी आहे. अक्षर एक कमीच लागते. खर्च वाढावयाचा नाही. कार्यकारिणीपुढे मी ती लेखी दिली आहे.

आजीची पेटी मी आज बरोबर आणली आहे आणि प्रवेशद्वाराजवळच्या मेजावर ठेवली आहे. सागवानी आहे, बिजागरी एका बाजूने तुटलेली आहे, ती भूकंपातली. आत अकरा बांगड्या उरल्या आहेत, दोन-चार आणि दोन-सहा. ज्या भगिनींना पाहावयाची असेल, भरून पाहावयाची असेल, त्यांनी अवश्य पाहावी. आक्का तेथे बसली आहे, ती भरून देईल. काच जुनी आहे; मुलांना जरा दूर ठेवावे.